तांत्रिक पुस्तक वाचायचं कसं

तांत्रिक पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून सलग वाचायला घेऊ नकोस, मध्येच सुटतं. अनुक्रमणिका बघ आणि सध्याच्या कामात अडलंय तेच प्रकरण उघड. २५ मिनिटं वाच, मग पुस्तक मिटून उदाहरणातला कोड न बघता लिही. कॉपी-पेस्ट केलेला कोड चालतो, पण डोक्यात काही उरत नाही. तू लिहिलेला कोड चालला की तो मुद्दाम मोड. समजा डेटाबेसमधला इंडेक्स (ओळी पटकन शोधायला ठेवलेली सूची) शिकतोयस: टेबलात १० लाख ओळी भर, इंडेक्स काढून टाक, आणि तो इंडेक्स वापरणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एक्सप्लेन लावून चालव, म्हणजे उत्तर कसं शोधलं जातं ते डेटाबेस सांगतो. आख्खं टेबल चाळलं जातंय हे डोळ्यांना दिसेल. ते वहीत दोन ओळींत, स्वतःच्या शब्दांत लिही. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने वही न उघडता आठवून बघ. अडशील तेवढंच पान परत वाच.