पानांच्या चहासाठी कोणती जाळी?

प्रश्न: दार्जिलिंगचा पानांचा चहा आणला. साखळीच्या जाळीदार गोळ्यात घालून केला, तर फिकाच होतो. स्वस्तात काय घ्यावे?

उत्तर: दोष चहाचा नाही, गोळ्याचा. पाने भिजली की फुगतात, गोळ्यात दाटतात आणि आतल्या पानांपर्यंत पाणी पोचत नाही. कपाच्या काठावर टेकणारी, तळाजवळ पोचणारी खोल स्टीलची जाळी घ्या. छिद्रे बारीक हवीत, नाहीतर चुरा कपात उतरतो. २०० मिली पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे शीग लावून एक छोटा चमचा पाने. उकळी बसल्यावर पाणी ओता, झाका आणि ३ मिनिटांनी जाळी काढाच. राहिली तर चहा तुरट होतो. जाळी आणेपर्यंत घरातली खोल गाळणीही चालेल. दुधाच्या सीटीसी, म्हणजे बारीक दाणेदार चहाला मात्र ही जाळी नको, तो पातेल्यातच उकळा.