तिकडं बस जळतायत, आणि पोरं निघालीत ब्राझीलला

वाचक विचारतात : प्रवास (जून २०१४)

प्रश्न : ताई, आमचा थोरला आणि त्याचे दोन दोस्त फुटबॉलचा वर्ल्डकप बघायला निघालेत. तिघंही पेठेतल्या तालमीकडनं खेळलेले, अर्जेंटिनाचे कट्टर. १३ जूनला साओ पाउलोत उतरणार, तिथनं बसनं रिओ. १५ ला माराकानावर बोस्नियाशी सामना, २१ ला बेलो ओरिझोंतेत इराणशी. तिकिटं हातात आहेत. पण टीव्ही लावला की ब्राझीलमधल्या जळक्या बसगाड्या, अश्रुधूर, पोलिसांचा लाठीमार. ‘कप होणार नाही’ अशी घोषणा तिथलीच माणसं देतात म्हणे. मंडळी रोज म्हणतात, पोराला थांबवा. तुम्ही तिकडं राहून आलाय म्हणून विचारतो. पाठवू का नको?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, पाठवा. मी गेल्या वर्षीचा जून साओ पाउलोत काढला आहे. तेव्हा मी तिथे नोकरीला होते आणि रोज त्याच रस्त्यांवरून घरी जात होते. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ असं मी म्हणणार नाही. होतं. पण ते कुठे होतं आणि किती वाजता होतं, हे आधी कळतं. पोरांनी तेवढं कळून घ्यायचं आणि त्या वेळी तिथे असायचं नाही.

आधी हा राग कशाचा, ते तुम्हाला माहीत असावं. साओ पाउलोत बसचं आणि मेट्रोचं भाडं ३ रियालवरून ३.२० झालं, तिथून हे सुरू झालं. वीस सेंतावो म्हणजे आपले जेमतेम पाच-साडेपाच रुपये. पण दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या बाईला ते रोज दोन्ही वेळेला द्यायचे असतात. १३ जून २०१३ ला पोलिसांनी मोर्चावर आणि पत्रकारांवर रबरी गोळ्या चालवल्या आणि मग देश पेटला. १९ तारखेला भाडेवाढ मागे घेतली, तरी २० तारखेला शंभराहून जास्त शहरांत मिळून दहा लाखांवर लोक रस्त्यावर होते. तोवर मागणी भाड्याची उरली नव्हती. स्टेडियमं फिफाच्या दर्जाची बांधता, मग आमची इस्पितळं आणि शाळाही त्याच दर्जाच्या द्या, असे फलक पोरीबाळींच्या हातांत होते. मला तो राग खरा वाटला, आजही वाटतो. तो सरकारवर आहे, फिफावर आहे. सामना बघायला आलेल्या पाहुण्यावर मात्र नाही. कोल्हापूरची पोरं मेस्सीसाठी एवढ्या लांबून आली म्हटल्यावर तिथला मोर्चेकरीसुद्धा त्यांना मिठी मारेल. फक्त अर्जेंटिनाचा शर्ट बघून दोन शिव्या आधी हासडेल, एवढंच.

धोका असतो तो मोर्चाच्या कडेला, जिथे पोलिसांच्या ढाली आणि तोंड बांधलेली पोरं समोरासमोर येतात. फेब्रुवारीत रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाजवळ एक टीव्ही कॅमेरामन गेला. आंदोलकांपैकीच कुणीतरी सोडलेला फटाका त्याच्या डोक्याला लागला होता. तो तिथे कामासाठी उभा होता. आपली पोरं तिथे उभी राहतील ती मोबाइलवर व्हिडिओ काढायला, आणि मला काळजी आहे ती याचीच. तुमच्या शाहू स्टेडियमवर खंडोबा-पाटाकडील या तालमींचा सामना सुटल्यावर दगड पडायला लागले की तुमची पोरं कुठल्या बोळातनं सटकायचं ते डोळे मिटून सांगतील. तिथे त्यांना बोळ माहीत नसेल. म्हणून ते आधी नकाशावर बघून ठेवायचे.

मोर्च्यांच्या जागा ठरलेल्या असतात. साओ पाउलोत आवेनिदा पाउलिस्तावर मास्प संग्रहालयासमोर किंवा पिन्येरोस भागातल्या लार्गो दा बाताता चौकात. रिओत कांदेलारिया चर्चपासून रिओ ब्रांको रस्त्याने सिनेलांदियापर्यंत. बेलो ओरिझोंतेत प्रासा सेते या मधल्या चौकातून निघून थेट स्टेडियमच्या दिशेने. वेळ बहुधा संध्याकाळी पाच-सहाची, म्हणजे हापिसं सुटल्यावरची, आणि सामना असेल तर सामन्याच्या आधी दोन-तीन तास. फेसबुकवर जागा आणि वेळ जाहीर करूनच लोक बोलावतात. रिओ महापालिकेचं ऑपरेशन सेंटर कुठला रस्ता बंद आहे ते ट्विटरवर टाकतं. रोज सकाळी हॉटेलातल्या पोऱ्याला विचारायचं, आज मोर्चा कुठे आहे. तो सांगेल, कारण त्यालाही संध्याकाळी घरी जायचं असतं.

त्या १३ जूनच्या संध्याकाळी मी कोंसोलासाँव रस्त्याजवळच्या एका पादारियात होते. पादारिया म्हणजे तिथली बेकरी-कम-हॉटेल, कोपऱ्याकोपऱ्यावर असते. आधी डोक्यावर हेलिकॉप्टरचा आवाज स्थिर झाला. मग समोरच्या औषधाच्या दुकानाने शटर अर्ध्यावर ओढलं. आमच्या मालकाने एक शब्द न बोलता आपलंही ओढलं आणि आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना आत ठेवून घेतलं. बाहेर धडाधड आवाज येत होते, धूर फटीतून आत येत होता, आणि तो कॉफी देत होता. रस्ता मोकळा झाल्यावर त्याने मागच्या दाराने एकेकाला सोडलं. एकाही माणसाकडून त्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. पोरांना एवढंच सांगा : दुकानांची शटरं अर्ध्यावर आली की चालत राहायचं नाही, पुढे काय चाललंय बघायला जायचं नाही, जे दार उघडं आहे त्यात शिरायचं.

आता त्यांच्या तारखा. साओ पाउलोत मे महिन्यातच बसवाल्यांचा अचानक संप झाला, लोक रात्री चालत घरी गेले. मेट्रो कर्मचारीही संपाची भाषा करतायत. तेव्हा ग्वारुल्योस विमानतळावरून तिएते बसस्थानकाला जाणारी विमानतळाची बस घ्यावी आणि तिथूनच रिओची गाडी पकडावी. सहा तासांचा रस्ता आहे. शहरात मुक्कामच नको.

१५ ला रविवार, सामना संध्याकाळी सातचा. माराकानाला मेट्रोने जायचं. तिकिटावर सेक्टर असतो, त्याप्रमाणे माराकाना किंवा साँव फ्रांसिस्को शाविएर स्टेशनला उतरायचं. त्याच्या पुढचं साएन्स पेन्या स्टेशन टाळा. गेल्या वर्षी ब्राझीलमध्येच कॉन्फेडरेशन्स कप ही फुटबॉल स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मोर्चा त्याच चौकातून निघाला आणि स्टेडियमजवळ अश्रुधूर सुटला. चार वाजेपर्यंत पोलिसांच्या कड्याच्या आत असावं. कड्याच्या आत तिकीटवालेच असतात.

बेलो ओरिझोंतेची मला जास्त काळजी आहे. मिनेइराँव स्टेडियमला मेट्रो जात नाही आणि शहरातून तिकडे जाणारा मुख्य रस्ता म्हणजे आवेनिदा आंतोनियो कार्लोस. गेल्या वर्षी २६ जूनला त्याच स्पर्धेतल्या ब्राझील-उरुग्वे उपांत्य सामन्याच्या वेळी याच रस्त्यावर गाड्यांची शोरूमं जळाली, आणि पळापळीत उड्डाणपुलावरून पडून एक कोवळा पोरगा गेला. इराणचा सामना दुपारी एकचा आहे. पोरांनी नऊलाच निघावं. त्यापेक्षा बरं म्हणजे मुक्कामच पांपुल्या तलावाच्या बाजूला करावा, तिथून स्टेडियम चालत गाठता येतं. सुटल्यावर घाई करू नये. तळ्याकाठी बसावं, काही खावं, रस्ता उघडला की निघावं.

आणखी एक गोष्ट, आणि ही बजावून सांगा. मोर्चात शिरायचं नाही, फलक धरायचा नाही, हौस म्हणून घोषणा द्यायची नाही. परदेशी माणसाने राजकीय कामात भाग घेण्याला ब्राझीलच्या १९८० च्या परदेशी नागरिक कायद्यात मनाई आहे. पकडलं तर वकील शोधण्यात सगळी सुट्टी जाईल. गेल्या वर्षी साओ पाउलोत अश्रुधुरावर उपाय म्हणून पिशवीत व्हिनेगर ठेवलेल्या लोकांना पोलिसांनी उचललं होतं. तेव्हा साधं पाणी जवळ ठेवा. डोळे चोळायचे नाहीत, वारा जिकडून येतो तिकडे सरकायचं, पाण्याने धुवायचे. कुणी कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल तर त्या दिवशी चष्मा लावावा.

खिसेकापू आणि चाकू दाखवून लुटणारे यांचा त्रास मोर्च्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. मागितलं तर द्यायचं, हुज्जत घालायची नाही. पासपोर्ट हॉटेलात, झेरॉक्स खिशात. पोलिसांचा नंबर १९०, ॲम्ब्युलन्सचा १९२. आपला दूतावास ब्राझिलियात आहे आणि वाणिज्य दूतावास साओ पाउलोत. दोन्ही नंबर कागदावर लिहून द्या, मोबाइल चोरीला जातो.

तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी : रिओत संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. तुम्ही जागे असणारच. वाहिन्या एकच जळती बस पुन्हा पुन्हा दाखवतील आणि चार चौक पलीकडे लोक आइस्क्रीम खात असतात ते दाखवणार नाहीत. पोरांशी ठरवून घ्या, हॉटेलात पोचले की एक मेसेज. आणि तो दोन तास उशिरा आला तरी तुम्ही घाबरायचं नाही, कारण मीच त्यांना सांगितलंय की रस्ता उघडेपर्यंत जागचं हलू नका.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आणि माझे यजमान पोर्तुगालचे सामने बघायला चाललो आहोत, १६ जूनला साल्वादोर आणि २६ ला ब्राझिलिया. आईमुळे मला थोडं पोर्तुगीज समजतं. साल्वादोरला पोलीसच संपावर गेले होते, असं ऐकलं. पोलीस नसतील तर करायचं काय?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ऐकलंत ते खरं. एप्रिलमध्ये बाइया राज्याचे पोलीस संपावर गेले, साल्वादोरमध्ये खून आणि लुटालूट झाली, केंद्राला सैन्य पाठवावं लागलं. आत्ता मे महिन्यात रेसिफेच्या बाजूलाही तेच झालं. मोर्चा टाळता येतो, तसा हा प्रकार टाळता येत नाही, कारण त्याला ना रस्ता असतो ना वेळ. मोर्च्यापेक्षा मी याला जास्त घाबरते. अशी बातमी कानावर आली तर अंधार पडायच्या आत हॉटेलात या, दोन वेळचं खाणं आणि पाणी आणून ठेवा, आणि सैन्य रस्त्यावर दिसेपर्यंत बाहेर पडू नका. पेलोरिन्यो हा जुना भाग फार सुंदर आहे, तो सकाळीच बघून घ्या. दुपारी एकचा सामना आहे आणि फोन्ते नोव्हा स्टेडियम तिथून जवळच आहे.

भाषा येते हे तुमचं मोठं बळ. टॅक्सीतला रेडिओ ऐका. ‘ग्रेवी’ म्हणजे संप आणि ‘मानिफेस्तासाँव’ म्हणजे निदर्शनं, हे दोन शब्द आले की ड्रायव्हरला रस्ता बदलायला सांगा. ब्राझिलियात स्टेडियम आणि संसद एकाच लांब रुंद रस्त्यावर, एइशो मोनुमेंतालवर आहेत. २७ मे ला तिथेच आदिवासी धनुष्यबाण घेऊन आले आणि समोर घोडेस्वार पोलीस उभे राहिले. स्टेडियमवर मांडलेला विश्वचषक बघायला आलेल्यांना परत जावं लागलं. संसदेची इमारत बघायचीच असेल तर सामन्याच्या दिवशी नको, आदल्या सकाळी जा.

प्रश्न : दंगलीमुळे सामना चुकला तर प्रवास विम्यातून पैसे मिळतात का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बहुतेक वेळा नाही. पॉलिसीच्या मागच्या पानांवर ‘काय भरून मिळणार नाही’ हे कलम असतं. त्यात दंगल, संप आणि नागरी अशांतता हे शब्द आहेत का, ते पैसे भरण्याआधी वाचा, आणि एजंटाकडून उत्तर ईमेलवर घ्या. दवाखान्याचा खर्च आणि विमानाचा उशीर यांची कलमंही वेगवेगळी असतात. संप जाहीर झाल्यानंतर काढलेल्या पॉलिसीवर त्या संपाचा दावा सहसा चालत नाही, म्हणून काढायची तर आजच काढा.

तिघांनाही एक सांगायचं राहिलं. ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड मागतात. ते लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते आणि सध्या तिथे गर्दी आहे, तेव्हा आधी फोन करून वेळ घ्या.