दोन नेटवर्क पोर्ट बॉन्ड केले, पिंगही स्वच्छ आहे, तरी फाइल कॉपीचा वेग एका पोर्टपेक्षा कमी का?

लिनक्सवर बॉन्डिंगचा, म्हणजे दोन पोर्ट जोडून एकासारखे वापरण्याचा, मोड सांगितला नाही तर तो ० म्हणजे बॅलन्स-आरआर (आळीपाळीने पाठवणारा) असतो. तुमची गोम बहुधा तिथेच आहे. एक पॅकेट या तारेने, पुढचं त्या तारेने, त्यामुळे पलीकडे ती मागेपुढे पोचतात. टीसीपीला, म्हणजे पॅकेटं क्रमाने पोचतात का ते बघणाऱ्या प्रोटोकॉलला, वाटतं मधलं पॅकेट हरवलं. ३ डुप्लिकेट अ‍ॅक (त्याच पोचपावत्या पुन्हा) आले की पाठवणारा ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही उतरवतो. प्रत्यक्षात हरवलेलं काहीच नसतं, म्हणून तुमचा पिंग स्वच्छ दिसतो.

खात्री करायची तर कॉपी सुरू असताना पाठवणाऱ्या मशीनवर ‘नेटस्टॅट -एस’ दोनतीनदा चालवा. रीट्रान्समिट (पुन्हा पाठवलेली पॅकेटं) आणि डीसॅकचे (‘हे आधीच मिळालं होतं’ अशा पलीकडच्या निरोपांचे) आकडे सोबत वाढत असतील तर चोर सापडला. त्याहून सोपं म्हणजे एक केबल काढून बघा. वेग वाढला? मग झालंच.

मोड ४ लावा, स्विचवरही एलएसीपी (मोड ४ साठी लागणारा पोर्ट जोडण्याचा प्रोटोकॉल) चालू करा. मग एक कनेक्शन एकाच तारेने जातं. अर्थात एकट्या फाइलला एकाच पोर्टचा वेग मिळेल, दोन्हींचा नाही. टीसीपी-रीऑर्डरिंगचा, म्हणजे किती मागेपुढे चालवून घ्यायचं त्याचा, आकडा ३ वरून वाढवता येतो, पण मी त्या भानगडीत पडणार नाही.