‘माझ्यावरच थुंकले होते, मी कसा वर्णद्वेषी?’

“मॅडम, तुम्ही एकदा माझ्या मुलीला फोन करून सांगा, की तुझा बाप वर्णद्वेषी नाही. माझं काम झालं.”

मी समुपदेशक. माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आत काका हे बोलून मोकळे झाले. वय ७३, निवृत्त इंजिनिअर, कोथरूडकर, रविवारी अजूनही सिंहगड चढणारे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) लेक लंडनला फिजिओथेरपिस्ट, वय ३४. दिवाळीच्या फोनवर तिनं सांगितलं, लग्न करतेय. मुलगा तिथलाच, आईवडील मूळचे युगांडातल्या कंपालाचे. काका दोन क्षण गप्प झाले आणि म्हणाले, “म्हणजे हबशी?” पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते त्यांना आठवत नव्हतं. लेकीचं शेवटचं वाक्य तेवढं आठवत होतं. “बाबा, तुम्ही रेसिस्ट आहात.” त्यानंतर फोन बंद.

“मला म्हणते! १९७८ साली इंग्लंडात, लेस्टरला बसस्टॉपवर उभा होतो, नाइट शिफ्टला निघालेलो. तीन पोरं आली, ‘पाकी’ म्हणाली आणि थुंकली. इथं.” त्यांनी कॉलरला हात लावला. सुती शर्टाची साधी कॉलर, पण बोटं जाड कोटाची कॉलर चाचपावी तशी फिरली. “त्याच कोटात रात्रभर मशीनवर उभा राहिलो. हे ज्यानं सोसलं तो कसा वर्णद्वेषी? ती गोऱ्यांची भानगड.”

हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतो. ज्यानं भोगलं तो दुसऱ्याला कशाला भोगायला लावेल? हिशेब वरवर चोख वाटतो. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसं काहीसं आपण धरून चालतो.

इथं माझं चुकलं. मी काकांना शास्त्र सांगत बसले. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग. मुलांना सांगितलं, तुमच्यापैकी काहींना क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, काहींना कँडिन्स्कीची, म्हणून हे तुमचे दोन गट. प्रत्यक्षात वाटणी उचलली चिठ्ठी अशी, वाट्टेल तशी केलेली. आपला गट तेवढा ठाऊक, बाकी नावानिशी कोण कुठल्या गटात आहे हेही कुणाला माहीत नाही. मग प्रत्येकाला दुसऱ्या दोघांचे नुसते क्रमांक आणि गट सांगून त्यांच्यात गुण वाटायला दिले, त्या गुणांचे पुढे पैसे मिळणार होते. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहू दे, असाही हात पुष्कळांनी राखला. भांडण नाही, जुनं वैर नाही, रंग नाही, भाषा नाही. नुसती एक रेघ. आणि ताजफेल स्वतः पोलंडचा ज्यू, त्याचं कुटुंब नाझींनी संपवलेलं. माणसं असं का वागतात हे शोधताना त्यानं फक्त जर्मनांच्या डोक्यात डोकावून पाहिलं नाही.

प्रयोग चांगला आहे, अजूनही सांगावासा वाटतो. पण समोरच्या माणसाची कॉलर अजून ओली होती. काका उठले. “मी चौदा वर्षांचा पोरगा नाही,” म्हणाले आणि गेले. तीन आठवडे आले नाहीत.

पुढची वेळ काकूंनी घेतली. दोघं आले. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, काकूच बोलल्या. लेक जन्मली तेव्हा सासूबाई पाळण्यात वाकून म्हणाल्या होत्या, “नाकीडोळी नीटस आहे हो, पण रंग बापाचा घेतलान.” मग डाळीचं पीठ, साय, हळद. सातवी-आठवीपासून गोरं करणारं क्रीम. तेव्हा ती ट्यूब कुणाच्या घरी नव्हती? (ते क्रीम आपल्या बाजारात १९७५ साली आलं आणि नावातला ‘फेअर’ गळायला २०२० उजाडलं.) स्नेहसंमेलनात ती एकदाच नाटकात होती, तेही शूर्पणखा म्हणून. काकूंनी हे हसत सांगितलं. मग फोनवर लेक काय म्हणाली तेही सांगितलं: “आई, तुम्हाला त्याचा रंग दिसला, कारण माझा आयुष्यभर दिसत होता.”

काकांनी कॅलेंडरवरून नजर काढली. “मी कधी तिला रंगावरून बोललो?”

“नाही बोललात. क्रीम आणायला मात्र तुम्हीच जायचात.”

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय जोडप्यानं १९४०च्या दशकात लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. अगदी सारख्या, फक्त काही गोऱ्या, काही सावळ्या. चांगली कुठली, खेळायला कुठली हवी, असं विचारलं तर बहुतेकांनी गोरी उचलली. आणि तुझ्यासारखी दिसणारी कुठली, असं विचारल्यावर काही मुलं रडली. शाळांमधली वर्णानुसार विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्याही डोळ्यांत तोच चष्मा बसतो. यावेळी मी हे काकांना सांगितलं नाही. काकूंच्या एका वाक्यानं ते काम केलं होतं.

मी विचारलं ते वेगळंच. “काका, आफ्रिकी माणूस तुम्ही पहिल्यांदा जवळून कुठं पाहिलात?”

“लेस्टरलाच.” मग ते बोलू लागले आणि तासाचे दोन तास झाले.

लेस्टरला त्यांनी खोली घेतली होती ती एका गुजराती कुटुंबाकडे, आणि ते कुटुंब आलं होतं कंपालाहून. १९७२च्या ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीननं युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत चालतं व्हायला सांगितलं. २७-२८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका. तरी माणसं आली, दुकानं उभी केली. काका त्यांच्याच घरी जेवायचे. दर रविवारी तीच गोष्ट: चेकनाक्यावर सैनिकांनी अंगावरचं सोनं कसं उतरवून घेतलं. “आफ्रिकी माणूस म्हटला की माझ्या डोळ्यांपुढं तो चेकनाक्यावरचा सैनिकच यायचा. मी कधी गेलोही नव्हतो तिकडं.”

“आणि कंपालात त्यांच्या घरी भांडी कोण घासायचं?”

काका थांबले. “होते की नोकर. ‘बॉय’ म्हणायचे त्यांना. पन्नाशीच्या माणसालाही.”

इंग्रजांनी तिथं उतरंड रचली होती. वर साहेब, मध्ये हिंदी दुकानदार आणि कारकून, तळाशी ज्यांची जमीन ते. मधल्या मडक्याला वरच्याचा भार लागतो, पण आपण कुणाच्या तरी डोक्यावर आहोत याचा दिलासाही असतो. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते याच अर्थानं. प्रत्येक पायरीला खाली बघायला कुणीतरी मिळतं, म्हणून जिना मोडायला कुणी पटकन तयार होत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे लेस्टरला जाऊन शिकावं लागत नाही. काका म्हणाले, “आम्ही जातपात मानत नाही.” मी काही बोलले नाही. काकू खिडकीकडे बघत राहिल्या.

मग कँटीन निघालं. नाइट शिफ्टला तीन टेबलं असायची. एक गोऱ्यांचं, एक आपल्या लोकांचं, एक जमैकाकडच्यांचं. कुणी ठरवलेलं नव्हतं. १९७९च्या एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंट या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी पक्षानं लेस्टरमधून मोर्चा काढला, त्या आठवड्यातली गोष्ट. काकांच्या शेजारच्या मशीनवरचा जमैकन माणूस डबा घेऊन उठला, काकांशेजारी येऊन बसला आणि केकचा तुकडा पुढे केला. बायकोनं केलाय, म्हणाला. आपल्या टेबलावरची माणसं एकदम गप्प झाली.

“मी म्हणालो, आय अ‍ॅम व्हेजिटेरियन.”

“होतात?”

“छे! त्याच टेबलावर रोज आम्लेट-पाव खायचो. त्याच्यासमोर.” काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “तो उठून गेला. रागावला नाही. ज्या माणसावर थुंकलेलं असतं ना मॅडम, त्याला वाटतं, आता आपल्याकडून कुणाचं काय वाईट होणार?”

ते केकबद्दल घरी कधीच बोलले नव्हते. थुंकण्याबद्दलही नाही. लेकीला बापाचा बसस्टॉपही माहीत नव्हता आणि कँटीनही.

इथं माझीही एक गोष्ट सांगते, काकांना सांगितली नव्हती. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी बरेच आहेत. आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा ठराव आला, त्यांना फ्लॅट भाड्यानं द्यायचे नाहीत. कारण? “रात्री मोठ्यानं बोलतात.” आमच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी पहाटेपर्यंत पत्त्यांचा फड चालायचा, त्यावर कधी ठराव झाला नाही. मी समुपदेशक. मी त्या सभेत चहा संपवला आणि घरी आले. पूर्वग्रह कुणाच्याही मनात असू शकतो, त्याला कातडीचा रंग लागत नाही. पण कुणाच्या पूर्वग्रहाचा ठराव होतो आणि कुणाच्याची नुसती कुजबुज राहते, हा हिशेब वेगळा ठेवायला हवा. बसस्टॉपवर काका खालच्या पायरीवर होते. कँटीनमध्ये नव्हते. काही जण म्हणतात, हाती सत्ता नसेल तर तो वर्णद्वेषच नव्हे. शब्द कुठला वापरायचा यावर वाद घालावा, पण केक परत नेणाऱ्या माणसाला तो वाद घालून काय मिळणार होतं, मला सांगता येत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. महिन्याभरानं लेकीशी बोलणं सुरू झालं तेव्हा कळलं, मुलाच्या आजीनंही नाक मुरडलं होतं. “ही माणसं आपल्याला दुकानात कामाला ठेवतात, घरात घेत नाहीत.” तिचे वडील कंपालात एका हिंदी व्यापाऱ्याकडे कापसाच्या गाठी वाहायचे. काकांना राग आला. “तिनं मला पाहिलंय तरी का?” मग स्वतःच हसू आलं, जरा वेळानं.

अर्भकांवर झालेलं एक काम मला मोलाचं वाटतं. तीन महिन्यांची बाळं आपल्या भोवतीच्या वर्णाचे चेहरे जास्त वेळ न्याहाळतात. पण इस्रायलमध्ये, जिथं इथिओपियातून आलेल्या कुटुंबांतल्या बाळांना रोज दोन्ही वर्णांचे चेहरे दिसत होते, तिथं हा फरक आढळला नाही. डोळ्यांना सवयीचं जवळचं वाटतं इतकंच आपण जन्मानंतर लगेच शिकतो. त्यावर बाकीचं सगळं, पाळण्यात वाकलेली सासू, रविवारच्या गोष्टी, मॅट्रिमोनिअलमधलं ‘गोरी, सडपातळ’, हे मोठी माणसं चढवतात. आजीच्या गोष्टीत खरा व्यापारी होता आणि गुजराती कुटुंबाच्या गोष्टीत खरा सैनिक. चूक तिथून पुढे सुरू होते, जेव्हा एका सैनिकाचा चेहरा सगळ्यांना चिकटवला जातो.

‘हबशी’ शब्द काका अजून वापरतात, जीभ वळते म्हणे. एकदा मी म्हटलं, तुम्ही गड फिरता, भातवडीची लढाई सांगा. लगेच खुलले. १६२४, निजामशाही, शहाजीराजे. “आणि शहाजीराजे कुणाच्या बाजूनं लढले?” “मलिक अंबरच्या.” गुलाम म्हणून विकला गेलेला, इथिओपियातून आलेला माणूस, खडकी वसवणारा, पुढे तिचंच औरंगाबाद झालं. काका तोंडात पुटपुटले, “हबशीच की.” पहिल्यांदाच तो शब्द त्यांनी जरा अदबीनं उच्चारला असावा. साताऱ्याच्या भावाला मात्र अजून लग्नाचं सांगितलेलं नाही. केकची गोष्ट लेकीला लिहून पाठवली, मोठा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. तिनं उत्तरात एवढंच विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?” काकांना आठवलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही, असं काकू म्हणाल्या.

मेमध्ये दोघं लंडनला निघाले. आदल्या आठवड्यात काका एकटेच येऊन गेले, प्रश्न एकच होता. आजीनं जेवायला बोलावलंय, मटोके करणार आहे. कच्ची केळी उकडून कुस्करतात, वर शेंगदाण्याचं कालवण.

“ही विचारतेय, आपण शाकाहारी म्हणून कळवायचं का, म्हणजे काही घोळ नको.”

“मग काय म्हणालात?”

“म्हटलं, तो शब्द आता नको.” आणि दारातून परत वळून, खरोखरच्या काळजीनं, “शेंगदाण्याचं कालवण म्हणजे आपली दाण्याची आमटीच ना हो? गूळ घालत असतील का?”