लाल पपईच्या बियाला पिवळी फळं का लागली?

शहादा भागातल्या भाऊंनी विचारलंय: तैवान ७८६ या जातीच्या लालबुंद पपईचं बी घरीच धरलं, रोपं केली, आणि निम्म्या झाडांची फळं कापली तर आत पिवळा गर. माती बाधली का?

भाऊ, माती सोडा. बी धरलेलं फळ लांबट होतं की गोल, ते आठवा. माझा अंदाज, गोल. गोल फळ मादी झाडाचं. तिला स्वतःचे पराग नसतात, बाहेरून येईल तो बाप. शेजाऱ्याच्या बांधावर देशी पिवळ्या पपईचं नर झाड आहे का, बघून या.

पपईचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. पिवळ्या पपईत एक विकर (एन्झाइम) हे लायकोपीन साचू देत नाही, त्याचं पिवळसर बीटा कॅरोटीन करून टाकतं. लाल पपईत त्या विकराच्या जनुकात डीएनएची दोन अक्षरं जादा घुसली आहेत. तिथून पुढचं सगळं वाचन चुकतं आणि विकर अर्धवटच बनतं. म्हणजे आपण ज्याला भाव देतो तो लाल रंग मुळात बिघाड आहे! आईबापांपैकी एकाकडून जरी धड जनुक आलं तरी काम भागतं आणि गर पिवळा होतो. लाल व्हायला दोन्हीकडून बिघडलेलंच यावं लागतं.

(हा हिशेब द्राक्षाला लावू नका. तिथला रंग अँथोसायनिनचा. ते बनवायला लावणाऱ्या जनुकात उडतं जनुक (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसून ते बंद पडलं, की द्राक्ष पांढरं. तिथे बिघाडाने रंग जातो.)

मग तुम्ही खाल्लेलं फळ लालच कसं? कारण गर आईचा. बापाचा वाटा फक्त बियात, तो पुढच्या झाडाच्या फळात दिसतो.

बी धरायचंच असेल तर लांबट फळांचं उभयलिंगी झाड (एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असणारं) निवडा आणि कळी उमलायच्या आधी तिला कागदी पिशवी बांधा. त्या बियातून साधारण दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी निघेल, पण गर सगळ्यांचा लाल. फळाचा आकार, वजन मात्र सारखं राहणार नाही, कारण ७८६ मुळात संकरित. मी स्वतः व्यापाऱ्याला द्यायच्या बागेसाठी दरवेळी नवीनच बी घेतो, घरचं बी परसातल्या चार झाडांपुरतं.

पिवळी झाडं तोडू नका, गावात खपतील. त्यांचं बी तेवढं धरू नका.