नाचाच्या मास्तरांचा माग

तमाशाच्या फडात नाचाचे मास्तर असलेल्या पणजोबांचा माग कसा काढायचा, असं विचारलंत. तुमचे पणजोबा सापडतील, पण आडनावावर अडून बसू नका. नवखे तिथंच फसतात. फडावरचा माणूस गावावरून ओळखला जायचा. कागदात कधी ‘मास्तर’, कधी नुसता ‘अमुककर’. मी स्वतः दोन वर्षं भलत्याच आडनावामागं हिंडलोय.

सध्या एवढंच:
- आधी घरातली म्हातारी माणसं गाठा. ‘जन्म कधीचा?’ नको; ‘माळेगावच्या जत्रेला कुणाच्या फडाबरोबर जायचे?’ असं विचारा. मग बघा कसे बोलतात!
- त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडची घराण्याची नामावळ बघा.
- निजामी कागदावर फसली साल असतं, म्हणजे तिथल्या सरकारी कारभाराची वेगळी कालगणना. इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा, १३४८ म्हणजे १९३८-३९. हे विसरलात की माणूस जन्माआधीच नाचायला लागतो.

वृत्तपत्रं त्यानंतर. त्यातही बातम्यांआधी तमाशाच्या जाहिराती चाळा. मोडी-उर्दूतले कागद कसे वाचायचे ते पुढं बघू.