ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पावसाळ्यात होणारी गर्दी आणि नातेवाइकांची भांडणं कशी कमी करता येतील?

केसपेपर काढण्याआधीच दारात एका अनुभवी सिस्टरला रुग्ण पाहू द्या, खिडकीची रांग नंतर. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन बघून लाल (लगेच उपचार), पिवळा (थोडं थांबू शकतो), हिरवा (रांगेत थांबू शकतो) हे ठरवायला दोन-तीन मिनिटं पुरतात. कोकणात लावणीच्या दिवसांत विंचू आणि साप हेच खरं काम. विंचूदंशात नुसती ठणक असेल तर पिवळा. घाम, उलट्या, गार हातपाय असतील तर लाल, कारण तिथे हृदयावर ताण येतो आणि प्राझोसिनला (त्यावरच्या औषधाच्या गोळीला) उशीर चालत नाही. सर्पदंश कायम लाल. त्याची २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लगेच लावा: २ मिली ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचनळी, मध्ये हलवायची नाही. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी घेतली की विष नसतानाही रक्त पातळ राहतं. (नाग-मण्यारात ही चाचणी बहुधा नॉर्मलच येते, पापण्या पडताहेत का ते बघा.) नातेवाईक थांबण्यापेक्षा काहीच न कळण्याने जास्त भडकतात, पुढचं काय आणि किती वाजता, हे एकाच माणसाने सांगावं. मात्र वॉर्डात खाट रिकामी नसेल तर यातल्या कशानेही गर्दी हटणार नाही. आधी दुपारपर्यंत रखडणारे डिस्चार्ज सकाळीच उरका.